पुराव्याच्या मापाचे नाव

आंब्याच्या बागेत टांगलेला रक्षक सापळा उघडून वर्तमानपत्रावर झटकला, की मूठभर मेलेल्या माश्या पडतात. बागायतदार मोबाइल काढतो, ढिगाचा एक फोटो घेतो आणि कृषी सहायकाला पाठवून देतो. खाली एकच ओळ : ‘ही कोणती माशी?’ उत्तर येते, ‘फळमाशी.’ सापळे वाढवायचे का, गळालेली फळे वेचून खोल पुरायची का, एवढे ठरवायला हे उत्तर पुरते. पण त्याच बागेतला हापूस परदेशी जाणार असेल तर एवढ्यावर भागत नाही. फळमाशी म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, झोनाटा की करेक्टा, असा प्रश्न पुढे येतो. मग ढिगाच्या त्या फोटोकडे कितीही डोळे ताणून पाहिले तरी हाती काही लागत नाही. ज्या दोन-तीन खुणांवरून हा निवाडा होतो, त्या फोटोत उतरलेल्याच नसतात.

हे पुस्तक अशा फोटोंविषयी आहे. सारख्या दिसणाऱ्या माश्या छायाचित्रावरून वेगळ्या कशा ओळखाव्यात, कोणत्या ओळखता येतात, कोणत्या येत नाहीत आणि येत नसतील तेव्हा काय म्हणावे, हा त्याचा विषय. सगळ्या पानांमागे आग्रह एकच आहे : माशीला नाव द्यायचे ते फोटोत दिसणाऱ्या पुराव्याच्या मापाचे. पुरावा कुळापर्यंत नेत असेल तर कुळाचे, वंशापर्यंत नेत असेल तर वंशाचे, आणि जातीपर्यंत नेत असेल तरच जातीचे. ऐकायला हे सरळ वाटते. प्रत्यक्षात विचारणाऱ्याला जात हवी असते, सांगणाऱ्यालाही ती सांगण्याची हौस असते, आणि या दोघांच्या घाईत पुरावा मागे पडतो.

डास, चिलटे, गोमाश्या, फळमाश्या, घरमाश्या हा सगळा गोतावळा द्विपंखी कीटकांच्या गणातला. जगात त्यांच्या दीड लाखाहून अधिक जातींची नोंद आहे. भारतातली संख्या सहा हजारांच्या पुढे जाते. पुढचे दोनच पंख आणि मागच्या पंखांच्या जागी टोकाला गाठ असलेले दोन बारीक दांडे, ही या गणाची खूण. उडताना तोल सांभाळण्याचे काम हे दांडे करतात, म्हणून त्यांना संतोलक म्हणतात. फुलावर बसलेल्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या कीटकाचा फोटो ‘मधमाशी’ म्हणून येतो, तेव्हा खरे तर पंख मोजायला हवेत. पण मधमाशीचे मागचे पंख पुढच्या पंखांना बारीक आकड्यांनी अडकवलेले असतात, त्यामुळे फोटोत चार पंखांचे दोनच दिसतात. अशा वेळी मिशा पाहाव्यात. मधमाशीच्या मिशा लांब आणि मध्येच काटकोनात वळलेल्या. मावा खाणाऱ्या अळ्यांमुळे शेतकऱ्याची मित्र ठरलेल्या सिरफिड माशीच्या मात्र आखूड, जेमतेम दिसतील अशा. शिवाय माशीचे डोळे डोक्याचा बहुतेक भाग व्यापून टाकतात. एवढे पाहिले, की निम्म्याहून अधिक ‘मधमाश्या’ सिरफिडच्या रांगेत जाऊन बसतात. इथवरची वाट सोपी. कठीण भाग पुढे आहे.

भारतातल्या माश्यांचा पद्धतशीर अभ्यास ज्यांनी उभा केला, त्यांत एन्रिको ब्रुनेटी यांचे नाव पुढे येते. व्यवसायाने संगीतकार असलेला हा इंग्रज गृहस्थ कलकत्त्यात राहिला आणि ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेसाठी त्याने माश्यांवरचे तीन खंड लिहिले. ते १९१२, १९२० आणि १९२३ साली निघाले. निळ्या-हिरव्या चकचकीत माश्यांवरचा खंड सीनियर-व्हाइट, ऑबर्टिन आणि स्मार्ट या तिघांच्या नावाने १९४० साली आला. ही मंडळी टाचणीला टोचलेली माशी भिंगाखाली धरून काम करत. ती माशी हवी तशी फिरवता येई, पायाचा खालचा भाग पाहता येई, गरज पडली तर पोटाचे टोक उघडून आतली जननेंद्रियेही तपासता येत. त्यामुळे त्यांचे ओळखीचे तक्ते विचारतात ते प्रश्नही तसेच : छातीच्या कडेला अमुक जागी राठ केस दोन की तीन? मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला काटे आहेत का? पंखाच्या मुळाशी असलेला बारीक खवला पिवळा की काळा?

छायाचित्राला हे प्रश्न विचारले, तर बहुतेकांचे उत्तर ‘दिसत नाही’ असे येते. फोटोत माशी एकाच बाजूने, एकाच क्षणी आणि एकाच उजेडात पकडलेली असते. म्हणून छायाचित्रावरून ओळखणाऱ्याला जुने तक्ते जसेच्या तसे चालत नाहीत. आपल्याला ज्या खुणा दिसू शकतात, त्यांचा वेगळा हिशेब मांडावा लागतो. पुढची प्रकरणे म्हणजे हा हिशेब.

सुरुवात फळमाश्यांपासून केली आहे. कोकणात त्यांची ओळख रोजच्या कामाची, आणि सुदैवाने त्या फोटोत बऱ्यापैकी ओळखता येतात. घरमाशी पंख पाठीवर घेऊन बसते, फळमाशी ते दोन्ही बाजूंना काढून बसते. त्यामुळे पंखावरची नक्षी आयती समोर येते. डॉर्सालिसचा वरून घेतलेला स्वच्छ फोटो पाहा. छातीची पाठ काळपट, तिच्या दोन्ही कडांना एकेक पिवळा पट्टा, पाठीच्या शेवटी पिवळा अर्धगोल. पोट तांबूस-पिवळे आणि त्यावर इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची काळी खूण. पंखाच्या पुढच्या कडेने एक बारीक तपकिरी रेघ निघते आणि न तुटता टोकापर्यंत जाते. आता झोनाटा. चण किंचित लहान, पाठ तांबूस, आणि पंखाच्या कडेची ती रेघ मध्येच गायब. टोकाला फक्त एक तपकिरी ठिपका. करेक्टाच्या पंखावरही रेघ अशीच तुटक आणि टोकाला ठिपका, पण तिची पाठ काळी. शिवाय करेक्टाला समोरून पाहिले, तर चेहऱ्यावरचे दोन काळे ठिपके आडवे ताणले जाऊन जवळजवळ एकमेकांना भिडलेले दिसतात. उरलेल्या दोघींत ते गोलसर आणि सुटे असतात. तीन माश्या वेगळ्या करायला तीन जागा पुरतात : पाठ, पंखाची कड आणि चेहरा.

या तिन्हींपैकी पाठीचा रंग सगळ्यांत आधी डोळ्यांत भरतो, आणि त्याच्यावरच सगळ्यांत कमी भरवसा ठेवावा. डॉर्सालिसची पाठ काळीच असते असे नाही. तांबूस पाठीच्याही निघतात. त्यात सापळ्यात पडून राहिलेल्या माशीचा रंग बदलतो, कुठे उतरतो, कुठे काळवंडतो. पंखावरची रेघ मात्र टिकून राहते. म्हणून तांबूस पाठ दिसली की लगेच ‘झोनाटा’ म्हणू नये. आधी पंखाच्या कडेने नजर टोकापर्यंत न्यावी. रेघ अखंड असेल तर पाठ कितीही तांबूस असो, ती झोनाटा नव्हे.

कारली, दुधी, काकडी यांवर येणारी माशी याच कुळातली, पण वेगळ्या वंशातली. तिच्या पाठीच्या मधोमध तिसरा पिवळा पट्टा असतो, पंखाच्या टोकाचा डाग चांगला रुंद असतो आणि पंखाच्या आतल्या एका आडव्या शिरेवर धुरकट पट्टा असतो. जुन्या शेती पुस्तकांत ती डॅकस कुकर्बिटी म्हणून भेटते, नंतरच्यांत बॅक्ट्रोसेरा कुकर्बिटी म्हणून, आणि आता झ्युगोडॅकस कुकर्बिटी म्हणून. नावे बदलली तरी पाठीवरचा तिसरा पट्टा जागच्या जागी आहे. जुने पुस्तक आणि नवा लेख शेजारी ठेवून वाचणाऱ्याने एवढे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही.

फळमाश्यांच्या बाबतीत फोटोबाहेरचाही एक पुरावा असतो आणि तो सांगायला लोक हमखास विसरतात : माशी कोणत्या आमिषाला आली. मिथाईल युजेनॉलच्या वासाला डॉर्सालिस, झोनाटा आणि करेक्टा या तिघींचे नर येतात. कारल्यावरच्या माशीचे नर येतात ते क्यू-ल्युअरला. फोटोसोबत ‘आंब्याच्या बागेतला सापळा, मिथाईल युजेनॉल’ एवढे लिहून आले तर निम्मे काम आधीच झालेले असते. सापळ्यातले सगळे नर असतात, हेही त्यातून कळते. फळाच्या सालीत अंडी घालणारी मादी सापळ्याच्या फोटोत शोधत बसण्यात अर्थ नाही.

या बारकाव्यांना पैशांतही किंमत आहे. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातल्या आंब्यावर आणि चार भाज्यांवर बंदी घातली, तेव्हा आंब्याच्या बाबतीत कारण फळमाशीचेच होते. पुढच्या जानेवारीत आंब्यावरची बंदी उठवायचे ठरले, पण तोवर एक हंगाम गेला होता. अशा तपासणीत फळात सापडते ती बहुधा अळी, आणि अळीच्या फोटोवरून जात सांगणे पूर्ण वाढलेल्या माशीपेक्षा कितीतरी अवघड. तिथे माशी बाहेर पडेपर्यंत अळी वाढवून पाहावी लागते किंवा डीएनए तपासावा लागतो. फोटो कुठे थांबतो, हे कळणेही ओळखीचाच भाग आहे.

बागेतून गोठ्यात आलो, की प्रश्न बदलतो. घरमाशी, मस्का डोमेस्टिका, सर्वांना ठाऊक; पाठीवर चार काळ्या उभ्या रेघा. तिच्याच वंशातली मस्का सॉर्बेन्स डोळ्यांवर आणि जखमांवर बसते. ट्रॅकोमा या डोळ्यांच्या रोगाशी तिचा संबंध आहे. तिच्या पाठीवर रेघा दोनच, पण रुंद. दोघी शेजारी असल्या तर फरक दिसतो, एकटी असली तर रेघा मोजायला वरून घेतलेला फोटोच लागतो. तिसरी स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स. वरून पाहिली तर घरमाशीच, आणि म्हणून कित्येक जण ‘आमच्या गोठ्यात घरमाश्या चावतात’ असे सांगतात. घरमाशी चावत नाही. तिची सोंड मऊ, खाली लोंबणारी, पातळ पदार्थ टिपून घेणारी असते. स्टोमॉक्सिसची सोंड ताठ, काळी आणि डोक्याच्या पुढे सरळ निघालेली. बाजूने घेतलेल्या एका फोटोत हा फरक वादाला जागा ठेवत नाही. बाजूचा फोटो नसेल तर पंख पाहावा. घरमाशीच्या पंखातली मधली लांब शीर टोकाजवळ येऊन एकदम वर वळते. स्टोमॉक्सिसमध्ये तेच वळण सौम्य असते. २०२२ साली राज्यात लम्पीची साथ आली, तेव्हा चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्या बंदोबस्तावर सगळ्यांचा भर होता. गोठ्यातली माशी टिपणारी की टोचणारी, हे तेव्हा पशुपालकाच्या रोजच्या कामाचे झाले.

चकचकीत निळ्या-हिरव्या माश्यांत मामला आणखी गुंतागुंतीचा होतो. कचऱ्यावर, मासळी बाजारात, पडलेल्या फणसावर दिसणारी मोठी हिरवी-निळी माशी बहुतेक वेळा क्रायसोमिया मेगासेफाला असते. तिच्या नराचे डोळे पाहण्यासारखे आहेत : वरच्या भागातले कण मोठे, खालच्या भागातले बारीक, आणि दोन्हींच्या मध्ये स्पष्ट सीमा. जवळून घेतलेल्या फोटोत ती सीमा उघड्या डोळ्यांना दिसते. याच वंशातली क्रायसोमिया बेझियाना जिवंत जनावराच्या जखमेत अंडी घालते आणि तिच्या अळ्या जिवंत मांस खातात. तिच्या नराच्या डोळ्यांत ती सीमा इतकी ठळक नसते. पंखाच्या मुळाशी असलेला खालचा पडदा मेगासेफालामध्ये गडद तपकिरी, बेझियानामध्ये फिकट. फोटोत हा पडदा दिसला तर निर्णय करता येतो. दिसला नाही तर काय?

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात : शक्यता आणि पुरावा. बेझियानाची पूर्ण वाढलेली माशी सहसा नजरेस पडत नाही. कचराकुंडीवरची हिरवी माशी मेगासेफाला असण्याची शक्यता कितीतरी जास्त. पण ‘शक्यता जास्त’ म्हणजे ‘ओळख पटली’ नव्हे. फोटोखाली ‘क्रायसोमिया, बहुधा मेगासेफाला’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला कळते, की पुरावा वंशापर्यंत आहे आणि पुढचा शब्द अनुभवाचा आहे. ‘बहुधा’ गाळला, की पुढच्या माणसाला तो फोटो पुरावा वाटतो, आणि तो त्याच्यावर आणखी एक फोटो ओळखतो. चुकीची ओळख पसरते ती अशी, एकेका गाळलेल्या ‘बहुधा’तून.

ल्युसिलिया वंशातल्या हिरव्या माश्यांत सेरिकाटा आणि कुप्रिना या दोन जाती आपल्याकडे नेहमीच्या. कुप्रिनात हिरव्यावर तांब्याची झाक असते म्हणतात, आणि असतेही. पण फ्लॅशच्या उजेडात, ढगाळ हवेत, किंवा मोबाइलने स्वतःहून रंग सुधारून दिलेल्या फोटोत तांब्याची झाक नसलेल्या माशीवर येते आणि असलेल्या माशीवरून जाते. त्यापेक्षा पुढच्या पायाची मांडी विश्वासाची : कुप्रिनात ती चकचकीत हिरवी, सेरिकाटात काळी-निळी. डोक्याच्या मागे असलेल्या बारीक केसांची संख्याही वेगळी असते, पण ते मोजायला फोटो फारच चांगला लागतो.

आणि मग येतात सार्कोफॅगा, मांसमाश्या. राखाडी पाठीवर तीन काळे पट्टे, पोटावर काळ्या-रुपेरी चौकडीची नक्षी, बहुधा लाल डोळे. घराच्या कठड्यावर उन्हात बसलेल्या या माशीचा फोटो काढणे सोपे आणि तो देखणाही येतो. पण त्या फोटोवरून जात सांगणे जवळजवळ अशक्य. ती चौकडी रंगाची नसून शरीरावरच्या बारीक लवेची असते. उजेडाची दिशा बदलली, की काळा चौकोन रुपेरी होतो आणि रुपेरी काळा. एकाच माशीच्या दोन बाजूंनी काढलेल्या दोन फोटोंत नक्षी उलटी दिसते. या वंशातल्या जाती तज्ज्ञ वेगळ्या करतात त्या नराच्या जननेंद्रियांच्या रचनेवरून, आणि ती पोटाच्या टोकात दुमडलेली असतात. मादीची जात तर कित्येकदा त्यांनाही सांगता येत नाही. मांसमाशीच्या फोटोखाली ‘सार्कोफॅगा’ एवढेच लिहिणारा माणूस काही राखून ठेवत नाही. तो पूर्ण उत्तर देतो.

सारख्या दिसणाऱ्या वेगळ्या जाती, ही अडचणीची एक बाजू. एकाच जातीच्या वेगळ्या दिसणाऱ्या माश्या, ही दुसरी. एपिसिर्फस बॅल्टिएटस ही सिरफिड माशी युरोपापासून आशियापर्यंत आढळते. पोटाच्या प्रत्येक पिवळ्या पट्ट्यावर एक जाड आणि एक बारीक काळी रेघ, ही तिची ओळख. पण कोशात असताना थंडी जास्त असली, तर माशी गडद निघते आणि काळ्या रेघा रुंदावतात. उबेत वाढलेली फिकट निघते. डिसेंबरातल्या आणि एप्रिलमधल्या फोटोत दोन जाती दिसल्या, तर आधी तारखा पाहाव्यात.

हा पेच हौशी माणसांपुरता नाही. फळमाश्यांच्या डॉर्सालिस गटाची कथा त्यासाठी मुद्दाम सांगण्यासारखी आहे. हेंडेल याने १९१२ साली फॉर्मोसातून, म्हणजे आजच्या तैवानमधून, डॉर्सालिसचे वर्णन केले. १९९४ मध्ये ड्रू आणि हॅन्कॉक यांनी आशियातल्या तिच्या सगळ्या गणगोताची छाननी करून अनेक नव्या जाती वेगळ्या काढल्या. त्यांत पपायी आणि फिलिपिनेन्सिस या दोन होत्या. छातीवरच्या पिवळ्या पट्ट्याची रुंदी, मादीच्या अंडी घालण्याच्या नळीची लांबी अशा बारीक मापांवर हे वेगळेपण उभे होते. २००३ मध्ये केनियात एक फळमाशी सापडली आणि आफ्रिकाभर पसरली. २००५ साली तिला इन्व्हाडेन्स असे नवे नाव मिळाले. चार नावे, आणि प्रत्येक नावामागे निर्यातीचे वेगळे नियम. मग अनेक देशांतल्या अभ्यासकांनी मिळून डीएनए, गुणसूत्रे, शरीराची मापे, नरांचे गंध तपासले, आणि या माश्या एकमेकींशी समागम करतात का, त्यांना धडधाकट संतती होते का, हेही पाहिले. २०१३ साली फिलिपिनेन्सिस पपायीत मिळाली, आणि २०१५ साली पपायी आणि इन्व्हाडेन्स दोन्ही डॉर्सालिसमध्ये. चारांची पुन्हा एक झाली. त्याच गटातली कॅरॅम्बोली मात्र वेगळी ती वेगळीच राहिली.

यातून तज्ज्ञांना काही कळत नाही, असा अर्थ काढणे सोपे आहे आणि चूक आहे. उलट, अधिक पुरावा आल्यावर नाव बदलले, हीच या शास्त्राची रीत. आपल्यासाठी त्यातला धडा असा, की जिथे भिंगाखाली वर्षे घालवलेल्या माणसांनाही पट्ट्याची रुंदी पुरेशी ठरली नाही, तिथे मोबाइलच्या फोटोतल्या पट्ट्याच्या रुंदीवर आपण पैज लावू नये.

छायाचित्राची बाजू लंगडीच आहे असेही नाही. टाचणीवरची माशी जे हरवून बसते, ते फोटो जपतो. गोमाश्यांच्या डोळ्यांवर जिवंतपणी हिरवे-जांभळे झगमगते पट्टे असतात. माशी वाळली की ते मावळतात. पट्टे किती आणि कसे, ही ओळखीची उत्तम खूण आहे, आणि ती जिवंत माशीच्या फोटोत सहज मिळते. माशी पंख कसे धरून बसते, हेही तसेच : हिमॅटोपोटा या ठिपकेदार पंखांच्या गोमाश्या ते उतरत्या छपरासारखे धरतात, क्रायसॉप्स बाजूंना पसरतात. कोणत्या फुलावर, किती वाजता, कोणत्या जनावराच्या कोणत्या भागावर ती बसली होती, हे संग्रहालयातल्या चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेले असते. फोटोत ते आपोआप येते.

२०१५ साली तर स्टीफन मार्शल आणि नील एव्हनहुईस यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीला निव्वळ छायाचित्रांवरून नवी जात म्हणून नाव दिले : मार्लेइमिया झायलोकोपी. काळ्या भुंग्याची हुबेहूब नक्कल करणारी ही माशी. नमुना न ठेवता नाव देणे योग्य का, यावर जगभरच्या वर्गीकरणतज्ज्ञांत मोठा वाद झाला. विरोधकांचा मुद्दा वजनदार होता : उद्या एखादी नवी खूण महत्त्वाची ठरली, तर ती तपासायला माशी कुठे आहे? समर्थक म्हणत, नियमांत बसते आणि फोटोत पुरेसे दिसते. वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ती माशी इतर ज्ञात माश्यांपासून ठळकपणे निराळी होती, म्हणून फोटोवर भागले. मांसमाश्यांच्या बाबतीत असे धाडस करायला त्या दोघांपैकी कोणी धजावले असते असे वाटत नाही.

हल्ली मोबाइलमधली ॲप फोटो दाखवताच जातीचे नाव सांगतात. ती वापरू नयेत, असे हे पुस्तक म्हणत नाही; कुळ आणि वंश सुचवण्यात ती तरबेज होत चालली आहेत. पण ॲप पूर्वी नाव दिलेल्या फोटोंवर शिकते, आणि अशा फोटोंत युरोप-अमेरिकेतल्या माश्यांची गर्दी असते. त्यामुळे आपल्या परसातली एपिसिर्फस दाखवली, की ते बेधडक बॅल्टिएटस म्हणते; भारतात त्याच वंशातली व्हिरिडॉरियसही आहे, याचा विचार त्याच्या उत्तरात दिसत नाही. ॲपच्या उत्तराला एकच प्रश्न विचारावा : हे नाव कोणत्या खुणेवर उभे आहे, आणि ती खूण माझ्या फोटोत दिसते का? उत्तर आपल्याला देता आले नाही, तर एक पायरी वर येऊन थांबावे.

तेव्हा सगळा भार शेवटी फोटो काढणाऱ्यावर येतो. एका सुंदर फोटोपेक्षा चार साधे फोटो कामाचे. वरून एक, म्हणजे पाठीच्या रेघा आणि पंखांची नक्षी मिळते. बाजूने एक, म्हणजे सोंड, पाय आणि छातीवरचे राठ केस. समोरून एक, म्हणजे चेहरा आणि दोन डोळ्यांतले अंतर. बऱ्याच कुळांत नराचे डोळे डोक्यावर भिडलेले असतात आणि मादीचे दूर, त्यामुळे नर-मादी तिथेच कळते. चौथा थोडा लांबून, माशी कशावर बसली आहे ते दाखवणारा. सकाळच्या गारव्यात माश्या जड असतात. उन्हं चढण्याआधी गेले तर जवळ जाऊ देतात. सावली अंगावर पडली की उडतात, म्हणून सूर्य कुठे आहे ते पाहून पुढे व्हावे. शक्य तिथे फ्लॅश टाळावा; टाळता येत नसेल, तर फ्लॅशचा आणि उन्हातला असे दोन्ही फोटो ठेवावेत. सापळ्यातल्या माश्या ढिगाने दाखवू नयेत. पांढऱ्या कागदावर एकेक सुटी ठेवून, पंख पसरून, शेजारी मोजपट्टी ठेवून काढाव्यात. रंग सुधारणारे, चेहरा उजळणारे पर्याय बंद ठेवावेत. आणि तारीख, गाव, झाड किंवा जनावर, सापळा असेल तर आमिष, एवढे फोटोसोबत लिहावे. गावाचे नाव नसलेला फोटो कितीही स्पष्ट असला तरी अर्धाच.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. आधी कुळे, मग नेहमी घोटाळा होणाऱ्या जोड्या आणि गट. प्रत्येक जोडीत फोटोत दिसणाऱ्या खुणा विश्वासाच्या क्रमाने दिल्या आहेत. शेवटी ‘यावरून ठरवू नये’ असा एक परिच्छेद आहे. घाईत असलेल्या वाचकाने निदान तो वाचावा. बागायतदार, पशुपालक, कृषी आणि पशुवैद्यकीय विभागांतले कर्मचारी, शिक्षक, हौशी छायाचित्रकार, अशा सगळ्यांनी पाठवलेल्या फोटोंवर हे काम उभे आहे. त्यांनी सापळे झटकले, गोठ्यात वाकून पाहिले, आणि पुन्हा फोटो मागितला तेव्हा पुन्हा काढून पाठवला. त्यांचे ऋण मोठे आहे.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. पुढच्या पानांवर कित्येक चित्रांखाली फक्त वंशाचे नाव आहे, काहींखाली नुसते कुळाचे. छापताना जातीचे नाव गळाले, असा समज करून घेऊ नये. त्या फोटोंतून जेवढे सिद्ध होते, तेवढेच लिहिले आहे. कोणा वाचकाला त्यांतल्या एखाद्या माशीत आम्हाला न दिसलेली खूण दिसली, तर त्याने नावासोबत ती खूणही कळवावी. खूण पटली, तर पुढच्या आवृत्तीत नाव लांबवू. खुणेशिवाय आलेले नाव मात्र, ते कितीही मोठ्या माणसाकडून आलेले असले तरी, छापणार नाही.